रोमन रौप्यनाण्यांची ओळख व कालनिर्णय

१

रोमन ग्रंथकार प्लिनी याने इ. स. ७७ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आपल्या निसर्गविषयक बृहद्ग्रंथात सिंहलद्वीपासंबंधी एक हकीकत नोंदविली आहे. सम्राट क्लॉडियसच्या कारकीर्दीत तांबड्या समुद्रावरील करवसुलीचा मक्ता अॅनियस प्लोकॅमस नावाच्या गृहस्थाकडे होता. त्याने दास्यमुक्त केलेला एक नोकर अरबस्तानाला वळसा घालून जात असता त्याचे गलबत वाऱ्याने भरकटले आणि पंधराव्या दिवशी सिंहलद्वीपाच्या एका बंदराला लागले. तेथील राजाने त्याला सहा महिने सन्मानाने ठेवून घेतले. त्याच्याजवळच्या पैशात जी रोमन नाणी होती, ती पाहून राजाला एका गोष्टीचे विशेष नवल वाटले. नाण्यांवरील मुखे निरनिराळ्या माणसांची होती, अर्थात ती निरनिराळ्या राज्यकर्त्यांनी पाडली होती. तरीही सर्वांचे वजन सारखे भरत होते. ज्या लोकांचे नाणे राजा बदलला तरी बदलत नाही, ते सचोटीचे असले पाहिजेत, असे त्याने मानले आणि चार वकील रोमला रवाना केले.

ही हकीकत जशीच्या तशी घडली असेल वा नसेल. परंतु तिच्यातील राजाने जे केले, तेच नाणे ओळखण्याचे पहिले दोन व्यापार होत. त्याने मुख पाहिले आणि वजन केले. तिसरा व्यापार म्हणजे नाण्यावरची अक्षरे वाचणे. तो त्याला शक्य नव्हता. चौथा व्यापार त्याच्या काळी उद्भवलाच नव्हता : ते नाणे जमिनीत कोठे, कशाच्या सोबतीने आणि कोणत्या अवस्थेत सापडले, याचा विचार. आजच्या अभ्यासकाला हे चारही व्यापार करावे लागतात आणि त्यांपैकी शेवटचाच बहुधा अपुरा राहतो.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला रोमन नाणे क्वचितच प्रत्यक्ष भेटते. ते भेटते कालनिर्णयाच्या वादात. अमुक थरात टायबेरियसचे नाणे निघाले, म्हणून तो थर इसवी सनाच्या पहिल्या शतकातला. अमुक ग्रंथात ‘दीनार’ शब्द आला, म्हणून तो ग्रंथ अमुक काळानंतरचा. संघम् काव्यात यवनांच्या नौका आहेत आणि तमिळ प्रदेशात यवनांची नाणी आहेत, म्हणून दोहोंचा काळ एक. अशा विधानांत नाणे साक्षीदार म्हणून उभे केले जाते. त्या साक्षीदाराला नेमके काय ठाऊक असते आणि काय ठाऊक नसते, हे समजल्यावाचून त्याच्या साक्षीचे मोल करता येत नाही.

२

रोमच्या मुख्य रौप्यनाण्याचे नाव दिनारियस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘दहांचा’ असा आहे. आरंभी एका दिनारियसचे मोल दहा ‘आस’, म्हणजे दहा तांब्याची नाणी, इतके होते. म्हणूनच जुन्या दिनारियसवर रोमादेवीच्या शिरस्त्राणधारी मस्तकामागे दहाचा रोमन अंक, म्हणजे फुलीसारखी खूण, आढळते. इ. स. पू. १४१ च्या सुमारास हे मोल सोळा आस करण्यात आले आणि काही काळ सोळाचा अंक नाण्यावर आला. नाव मात्र ‘दहांचा’ असेच राहिले.

प्रजासत्ताकाच्या काळातील नाण्यांवर राज्यकर्त्याचे मुख नसते. दर्शनी बाजूस देवतेचे मस्तक आणि मागील बाजूस आरंभी घोड्यांवर स्वार झालेले जुळे देव, पुढे दोन अथवा चार घोड्यांचे रथ, अशी योजना असते. टांकसाळीवर दरवर्षी नेमलेल्या अधिकाऱ्यांची नावे संक्षेपाने कोरलेली असतात. त्या नावांच्या आधारे व संचयांच्या तौलनिक अभ्यासाने ही नाणी क्रमाने लावता येतात. काही नाण्यांची किनार करवतीसारखी दातेरी असते. इ. स. पू. ४४ मध्ये ज्यूलियस सीझरचे मुख रोमच्या नाण्यावर आले; हयात रोमन माणसाचे मुख तेथे येण्याचा हा पहिला प्रसंग. त्यानंतर दोन वर्षांच्या आत त्याचा मारेकरी ब्रूटस यानेही आपले मुख नाण्यावर कोरविले आणि मागील बाजूस दोन खंजीर व त्यांमध्ये मुक्त दासाची टोपी दाखविली. प्रजासत्ताकासाठी खून करणाऱ्यालाही राजचिन्हाचा आश्रय घ्यावा लागला, हा विरोधाभास त्या चांदीवर आजही वाचता येतो.

साम्राज्यकाळात मुख आणि नाव हे नाण्याचे नित्य अंग झाले. मुखावरून पुष्कळ काही कळते. नीरोची उत्तरकालीन मान जाडजूड आहे. हेड्रियनपासून सम्राट दाढी राखू लागले. राण्यांच्या केशरचना पिढीगणिक बदलत गेल्या. मस्तकावरील भूषण तर नाण्याचा प्रकारच सांगते. दिनारियसवर सम्राटाच्या मस्तकी बहुधा पर्णमुकुट असतो. इ. स. २१५ मध्ये कॅराकॅलाने जे मोठे रौप्यनाणे काढले, त्यावर सूर्यकिरणांसारखा काटेरी मुकुट असतो, आणि त्याच नाण्यावर राणीचे मुख असल्यास खांद्यांखाली चंद्रकोर असते. या नाण्यास अभ्यासक अँटोनिनियानस म्हणतात. पुढे इ. स. २९४ च्या सुमारास डायोक्लीशनने पुन्हा उत्तम चांदीचे नाणे काढले. एका रोमन पौंडात अशी ९६ नाणी बसत आणि काहींवर तो अंकही आहे. चौथ्या शतकातील नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकी मोत्यांचा पट्ट दिसतो.

याखेरीज पूर्वेकडील प्रांतांची स्वतंत्र चांदी होती. अलेक्झांड्रिया, अँटिऑक, कॅपाडोशियातील सीझरिया येथील टांकसाळींची नाणी ग्रीक लिपीत आहेत आणि अलेक्झांड्रियाच्या नाण्यांवर सम्राटाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष ग्रीक अक्षरांकांत दिलेले असते. भारताकडे येणारी गलबते इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून सुटत. पण इजिप्तचे चलन इजिप्तपुरतेच कोंडलेले असल्याने त्या गलबतांतून आलेली चांदी अलेक्झांड्रियाची नसून मुख्यतः दूर गॉलमधील लुग्दुनम, म्हणजे आजचे फ्रान्समधील लियाँ, येथील टांकसाळीची आहे. ज्या वाटेने नाणे आले आणि जेथे ते जन्मले, या दोन गोष्टी भिन्न असू शकतात, याचे हे पहिले उदाहरण.

३

मुद्रालेख वाचताना प्रथम लिपीची सवय करावी लागते. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ‘उ’ आणि ‘व’ यांसाठी एकच अक्षर असते. ‘इ’ आणि ‘य’ यांसाठीही एकच. लेख बहुधा डाव्या खालच्या अंगाने सुरू होऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. ब्राह्मी शिलालेखांतील संक्षेपांची ज्याला सवय आहे, त्याला रोमन संक्षेप फार काळ अडवीत नाहीत. ‘इंप’ म्हणजे इंपेरातोर, सेनाधिपती. ‘औग’ म्हणजे औगुस्तुस, ही सम्राटपदवी. ‘प म’ म्हणजे पाँतिफेक्स माक्सिमुस, मुख्य धर्माधिकारी. ‘कोस’ म्हणजे कॉन्सल आणि त्यापुढील अंक म्हणजे ते पद कितव्यांदा मिळाले तो. ‘प प’ म्हणजे पातेर पात्रिआए, राष्ट्रपिता. ‘त्र प’ हा संक्षेप सर्वांत उपयोगाचा. तो ट्रिब्यूनच्या अधिकाराचा निदर्शक असून हा अधिकार दरवर्षी नव्याने धारण केला जाई. त्यापुढे अंक असेल, तर नाण्याचे वर्ष जवळजवळ हाती आलेच.

ट्रेजनचे एक नेहमी आढळणारे नाणे घ्यावे. पुढील बाजूस ‘इंप त्रायानो औग गेर दाक प म त्र प’. मागील बाजूस ‘कोस’ व पाचाचा अंक, ‘प प’, मग ‘एस. पी. क्यू. आर.’ आणि शेवटी ‘ओप्तिमो प्रिंक’. ‘त्र प’ पुढे येथे अंक नाही. तेव्हा काळ दुसऱ्या वाटेने काढावा लागतो. ‘दाक’ म्हणजे डेशियाचा विजेता. ही पदवी ट्रेजनला इ. स. १०२ च्या अखेरीस मिळाली. पाचवे कॉन्सलपद इ. स. १०३ चे आणि सहावे ११२ चे. म्हणजे हे नाणे १०३ ते १११ या नऊ वर्षांतले. विभक्तीही ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘त्रायानो’ आणि ‘ओप्तिमो’ ही रूपे चतुर्थीची आहेत. ‘एस. पी. क्यू. आर.’, म्हणजे सिनेट व रोमन जनता, हा कर्ता धरला की दोन्ही बाजू मिळून एक वाक्य होते : सिनेट व रोमन जनता यांजकडून सम्राट ट्रेजन या सर्वोत्तम अग्रणीस. सातवाहनांच्या आणि क्षत्रपांच्या नाण्यांवर राजाचे नाव षष्ठीत असते, नाणे राजाचे. येथे ते राजाला अर्पण केलेले आहे. राज्यसत्तेविषयीच्या दोन कल्पना विभक्तीच्या प्रत्ययातून प्रकट होतात.

४

भारतात सापडलेल्या रोमन चांदीचा मोठा भाग मात्र दोनच प्रकारांचा आहे आणि योगायोग असा, की कालनिर्णयाच्या दृष्टीने हे दोन्ही प्रकार अवघड आहेत.

पहिला ऑगस्टसचा. पुढील बाजूस पर्णमुकुटधारी मस्तक आणि ‘काएसार औगुस्तुस दिवी फ पातेर पात्रिआए’ असा लेख. मागील बाजूस झगा ल्यालेल्या दोन उभ्या आकृती, मध्ये दोन ढाली व दोन भाले, वर यज्ञीय पळी आणि शकुन पाहणाऱ्याची वाकडी काठी. या आकृती गायस आणि ल्यूशियस यांच्या. ते ऑगस्टसच्या मुलीचे मुलगे. त्याने त्यांना दत्तक घेतले, म्हणून लेखात ते ‘औगुस्तुसचे पुत्र’ म्हणविले गेले आहेत. त्यांना ‘नियोजित कॉन्सल’ व ‘तरुणांचे अग्रणी’ असेही म्हटले आहे. ऑगस्टसला राष्ट्रपिता ही पदवी इ. स. पू. २ मध्ये मिळाली, तेव्हा नाणे त्याआधीचे नव्हे. गायस इ. स. १ मध्ये कॉन्सल झाला, ल्यूशियस इ. स. २ मध्ये आणि गायस ४ मध्ये वारला. लेखाचा शब्दशः अर्थ घेतल्यास गायस ‘नियोजित’ कॉन्सल असण्याचा काळ इ. स. १ पूर्वीच संपतो. तथापि नाण्यांची प्रचंड संख्या आणि ठशांतील फरक पाहता, लेख कालबाह्य झाल्यावरही हा छाप पुढे काही वर्षे चालू राहिला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

दुसरा प्रकार टायबेरियसचा. पुढील बाजूस ‘ती काएसार दिवी औग फ औगुस्तुस’. मागील बाजूस ‘पाँतिफ माक्सिम’ आणि हाती राजदंड व ऑलिव्हची डहाळी घेऊन आसनस्थ झालेली स्त्री. तिला सम्राटाची माता लिव्हिया मानण्याची प्रथा आहे. बायबलातील कर देण्याविषयीच्या प्रसंगात जे नाणे दाखविले जाते, ते हेच असावे अशा समजुतीने पाश्चात्त्य संग्राहकांत ते ‘कराचे नाणे’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यावर कॉन्सलपदाचा अंक नाही, ट्रिब्यूनच्या अधिकाराचे वर्ष नाही. टायबेरियसचे राज्य इ. स. १४ ते ३७ असे तेवीस वर्षे चालले आणि हा छाप जवळजवळ तसाच राहिला. आसनाच्या पायांचे वळण, पायाखालची रेषा अशा सूक्ष्म फरकांवरून अभ्यासकांनी त्यांचे गट पाडले आहेत. परंतु झिजलेल्या नाण्यावर हे फरक ओळखणे कठीण.

कोइंबतूर परिसरातील बुदिनत्तम येथील सुमारे चौदाशे नाण्यांचा संचय आणि नलगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्ली येथील १,५३१ नाण्यांचा संचय यांत याच दोन सम्राटांची नाणी प्राधान्याने आहेत. झिजलेल्या नाण्यावर दोन आकृतींमधील ढालींची वर्तुळे किंवा आसनाचा एक पाय एवढेच उरले असले, तरी सरावलेल्या दृष्टीला प्रकार सांगता येतो. पण प्रकार सांगता येणे म्हणजे तारीख सांगता येणे नव्हे.

५

मुद्रालेख नेहमी खरेच बोलतो असेही नाही. पहिला धोका मृतांच्या नाण्यांचा. ज्या सम्राटाला देवत्व दिले जाई, त्याच्या नावामागे ‘दिवुस’ हा शब्द येई आणि नाणे अर्थातच त्याच्या उत्तराधिकाऱ्याचे असे. अँटोनायनस पायसची राणी फॉस्टिना इ. स. १४० च्या सुमारास वारली. ‘दिवा फाउस्तिना’ असा लेख असलेली विपुल नाणी तिच्या मृत्यूनंतरची आहेत. याहून चकविणारे उदाहरण इ. स. २५० च्या सुमाराचे. सम्राट डेशियसच्या काळी जुन्या देवत्वप्राप्त सम्राटांची एक मालिका काढण्यात आली. तीत ऑगस्टसही आहे. नाव वाचून थांबणारा वाचक त्या नाण्याला अडीचशे वर्षे मागे नेऊन ठेवील. त्याला सावध करणारी खूण एकच, मस्तकावरील काटेरी मुकुट. कारण तो मुकुट ज्या नाण्याचे लक्षण, ते नाणे कॅराकॅलापूर्वी नव्हतेच.

दुसरा धोका मुलाम्याचा. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून ठोकलेली नाणी रोमन काळातच प्रचलित होती. पत्रा फाटला की आतले तांबे हिरवट डागांतून डोकावते. अशा बनावटीत पुढील बाजू एका सम्राटाची आणि मागील दुसऱ्याची, असा विसंगत जोडही मिळतो. सराफांनी खात्रीसाठी मारलेल्या बारीक खुणा जुन्या दिनारियसांवर आढळतात. अर्वाचीन ओतीव बनावट वेगळी : तिच्या किनारीवर साच्याचा जोड दिसतो, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा बोथट असतात. खरे नाणे ठोकलेले असल्याने त्याच्या किनारीला चिरा पडलेल्या असतात.

तिसरा प्रकार भारताच्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक. ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या वरील दोन छापांच्या भारतीय अनुकृती सापडतात. मुख ओळखीचे, पण डोळ्यांची आणि केसांची घडण वेगळ्या हाताची. आकृती दोनच, पण पळी आणि काठी यांच्या जागी अर्थहीन रेघा. आणि लेखात अक्षरांचे नुसते आकार. ज्याला लिपी येत नाही, अशा लेखनिकाने केलेल्या हस्तलिखिताच्या प्रतीत जे घडते, तेच येथे घडले आहे. लेखन हे लेखन न राहता नक्षी झाले. अशा नाण्याला ‘टायबेरियसचे नाणे’ म्हणून यादीत घालणे चूक आहे आणि ‘खोटे नाणे’ म्हणून काढून टाकणे त्याहून मोठी चूक आहे. मूळ नाण्यांची पत एवढी होती, की त्यांचे रूपच मोलाची हमी मानले जाई, याचा तो पुरावा आहे.

दक्षिणेतील अनेक रोमन नाण्यांवर मुखावर मुद्दाम मारलेला छिन्नीचा घावही दिसतो. पुदुक्कोट्टै येथे १८९८ मध्ये सापडलेल्या ५०१ सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर तो आहे. चांदीच्या नाण्यांवरही तो आढळतो. आत तांबे नाही ना हे पाहण्यासाठी, की नाणे चलनातून बाद करून केवळ धातू म्हणून वापरण्यासाठी, याविषयी मतभेद आहेत. पण हा घाव म्हणजे नाण्यावरचा शेवटचा लेख होय, आणि तो भारतात लिहिला गेला आहे.

६

सिंहलद्वीपाच्या राजाला सुखावणारे सारखेपण फार काळ टिकले नाही. ऑगस्टसच्या काळी एका रोमन पौंडात ८४ दिनारियस बसत, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३.९ ग्रॅम, आणि चांदी जवळजवळ शुद्ध असे. इ. स. ६४ मध्ये नीरोने पौंडास ९६ नाणी पाडावयास आरंभ केला, वजन ३.४ ग्रॅमपर्यंत उतरले आणि कसही घसरला. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सेप्टिमियस सेव्हेरसच्या नाण्यात चांदी निम्म्याच्या आसपास राहिली. काटेरी मुकुटाच्या नाण्याचे नाममात्र मोल दोन दिनारियस असावे, पण त्याचे वजन दीड दिनारियसाइतकेच होते, आणि इ. स. २७० च्या सुमारास त्यातील चांदी शेकडा पाचाच्याही खाली गेली. म्हणून लेख पुसला गेला असला, तरी वजन आणि कस यांवरून नाणे नीरोच्या अलीकडचे की पलीकडचे, हे पुष्कळदा सांगता येते.

या घसरणीचा कालनिर्णयाशी निकटचा संबंध आहे. जेथे नाणे राजाज्ञेने चालते, तेथे हलके नाणे भारी नाण्याच्या मोलाने खपते. जेथे ते तोलून घेतले जाते, तेथे खपत नाही. टॅसिटस इ. स. ९८ च्या आपल्या ग्रंथात सांगतो, की जर्मन टोळ्या जुनी, ओळखीची, दातेरी किनारीची व दोन घोड्यांच्या रथाची नाणी पसंत करीत. भारतीय बाजारपेठेची दृष्टीही अशीच असावी. भारतातील संचयांत नीरोच्या सुधारणेनंतरची चांदी अगदी तुरळक आहे, ती काही व्यापार एकाएकी थांबला म्हणून नव्हे. नंतरच्या काळात सोने येतच होते. यावरून काही अभ्यासकांनी असे अनुमान केले आहे, की ऑगस्टस-टायबेरियसची नाणी त्यांच्या मृत्यूनंतरही निवडून भारताकडे धाडली जात होती. हे मान्य केले, तर ज्या संचयातील शेवटचे नाणे टायबेरियसचे आहे, तो संचय टायबेरियसच्याच काळी पुरला गेला, असे म्हणता येत नाही.

७

येथे चौथा व्यापार सुरू होतो. नाणे आपल्या जन्माचा काळ सांगते. ते हरवल्याचा वा पुरल्याचा काळ सांगत नाही. चित्रदुर्गजवळ चंद्रवल्ली येथील १९४७ च्या उत्खननात टायबेरियसचा दिनारियस सातवाहन नाण्यांच्या संगतीने निघाला. त्यावरून तो थर टायबेरियसच्या पूर्वीचा नव्हे, एवढे निश्चित होते. तो किती नंतरचा, हे नाण्याची झीज, सोबतची मृद्भांडी आणि थरांचा क्रम यांनी ठरवावयाचे असते. केरळातील इय्याल येथील संचयात १२ रोमन सुवर्णनाणी, ७१ रोमन रौप्यनाणी आणि ३४ भारतीय आहत नाणी एकत्र होती. त्यांतले एखादेच नाणे हाती आले असते, तर ही सोबत, म्हणजे परकी व देशी चांदी एकाच थैलीत नांदत होती ही गोष्ट, कळली नसती.

स्थळाची साक्ष किती बळकट असू शकते, याचे उदाहरण दिनारियसच्या जन्मकथेतच आहे. प्लिनीच्या सांगण्यावरून रोमचे रौप्यनाणे इ. स. पू. २६९ मध्ये सुरू झाले असे शतकानुशतके मानले जाई. १९३२ मध्ये मॅटिंग्ली व रॉबिन्सन यांनी हा काळ खाली ओढून इ. स. पू. १८७ सुचविला. पुढे १९५५ पासून सिसिलीतील मॉर्गांतिना येथे उत्खनन झाले. हे नगर इ. स. पू. २११ मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केले होते आणि त्या विध्वंसाच्या थराखाली आरंभीचे दिनारियस निघाले. ग्रंथाधारित तारीख फार मागे गेली होती, शैलीच्या तुलनेवर आधारलेली तारीख फार पुढे आली होती. मातीने दोन्ही दुरुस्त केल्या. मायकेल क्रॉफर्ड यांच्या १९७४ च्या ग्रंथात इ. स. पू. २११ च्या सुमाराची तारीख प्रस्थापित झाली.

स्थळाचा विचार करताना अभावही वाचावा लागतो. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात म्हटले आहे, की भडोच बंदरात सोन्याचांदीचे दिनारियस आणले जातात आणि देशी नाण्यांशी त्यांचा बदल करताना नफा होतो. असे असता पश्चिम दख्खनमध्ये रोमन चांदीचे मोठे संचय तमिळ व आंध्र प्रदेशांप्रमाणे आढळत नाहीत. पेरिप्लस तेथील राजाचे नाव मॅनबॅनोस असे देते. तो क्षत्रप नहपान असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. नहपानाच्या रौप्यनाण्यांवर राजाचे मुख आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिपी आहेत. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. एका राजाची चांदी दुसऱ्याच्या नावाने कशी फिरते, याचे याहून ठळक उदाहरण नाही. रोमन चांदी याच टांकसाळींच्या मुशीत गेली असावी, हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. तथापि रोमन नाणे न सापडणे म्हणजे रोमन चांदी न येणे, असे समीकरण मांडता येत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

८

नाण्यास जो न्याय, तोच त्याच्या नावास लागू होतो. दिनारियस हा शब्द ‘दीनार’ होऊन भारतीय भाषांत आला. पण रोममध्ये चांदीचे असलेले हे नाणे येथे सोन्याचे झाले. याचे बीज रोमन व्यवहारातच होते, कारण सोन्याच्या नाण्यासही ‘सुवर्ण दिनारियस’ म्हणत. पेरिप्लसही सोन्याचे व चांदीचे अशा दोन्ही दिनारियसांचा उल्लेख करते. नागार्जुनकोंडा येथील इक्ष्वाकूंच्या लेखात ‘दीनारी-माषक’ आहेत. गुप्तकालीन लेखांत, उदाहरणार्थ इ. स. ४१२-१३ च्या सांचीच्या लेखात, दीनारांची दाने आहेत आणि तो दीनार गुप्तांचा सुवर्णनाणे आहे. अमरकोशात दीनार निष्काच्या पंक्तीला बसला आहे. बाराव्या शतकातील राजतरंगिणीत मात्र दिन्नारांचे आकडे लाखांत जातात. तेथे तो बारीक मोलाचे हिशेबी एकक झाला आहे. चांदी, सोने, कवडीमोल हिशेब : तीन अर्थ, आणि त्यांच्यामध्ये हजार वर्षांचा प्रवास.

नारदस्मृतीचा काळ ठरविताना दीनार शब्दाचा आधार घेतला गेला, तो पूर्वमर्यादेपुरता योग्यच आहे. ज्या ग्रंथात तो शब्द आहे, तो अंश रोमन संपर्कापूर्वीचा असू शकत नाही. पण या आधाराने उत्तरमर्यादा मिळत नाही. आणि एका श्लोकातील शब्दावरून संपूर्ण ग्रंथाचा काळ ठरत नाही, जसा एका नाण्यावरून संपूर्ण संचयाचा ठरत नाही. अकनानूऱ्यात मुचिरी बंदरी येणाऱ्या यवनांच्या नौका आणि त्यांनी आणलेले सोने यांचा उल्लेख आहे. त्याची सांगड तमिळ भूमीतील रोमन नाण्यांशी घालताना, कवीने सोने म्हटले आहे आणि आरंभीच्या संचयांत चांदीचे प्राधान्य आहे, हा भेद दृष्टीआड करता कामा नये. त्या भेदातून काव्याचा काळ सुचतो, की ‘सोने’ हा केवळ संपत्तीचा काव्यसंकेत आहे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकानेच सोडवावयाचा आहे. नाणे त्याच्या वतीने उत्तर देणार नाही.

म्हणून रोमन रौप्यनाणे ओळखले, असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा तीन तारखा निराळ्या करून दिल्या असतील : ठसा कोरल्याची, नाणे हाताळले गेल्याची आणि ते भूमीत गेल्याची. पहिली लेखावरून मिळते, दुसरी झीज, घाव आणि कस यांवरून, तिसरी केवळ सापडल्या जागेवरून. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक केले; तरीही कितीतरी संचय शेताच्या बांधावर वाटले गेले आणि सोनाराच्या मुशीत विरले. जी नाणी पुढे बाजारातून संग्रहालयांत पोचली, त्यांवरचे मुख शाबूत आहे, लेखही वाचता येतो. पण सोबतची नाणी, ते मडके आणि ती माती यांच्यापासून तुटलेले नाणे हे पोथीतून फाटलेले सुटे पान होय. त्यावरचे अक्षर सुवाच्य असते. ते कोणत्या पोथीचे, हे मात्र कोणी सांगू शकत नाही.